ऐकू येणं परत आलं आणि पुन्हा गेलं. स्टेरॉइड बंद करू का?

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४१. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर डाव्या कानाला फोन लावला की समोरचं बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं यायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी मळ काढला, थेंब दिले. संक्रांतीपर्यंत उजव्या कानालाही दडे बसले. चालताना झोकांड्या जायला लागल्या म्हणून मानेचे मणके सांगून पट्टा दिला, चक्करच्या गोळ्या दिल्या. शेवटी सोलापूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ऑडिओमेट्री, एमआरआय आणि रक्ताच्या बऱ्याच तपासण्या केल्या. त्यात एक गुप्तरोगाचीही होती, त्यावरून घरी मिस्टर नाराज झाले. एमआरआय साफ आला. 'तुमची प्रतिकारशक्तीच आतल्या कानावर उलटली आहे' असं सांगून डॉक्टरांनी रोज ६० मिलिग्रॅम स्टेरॉइड सुरू केलं. पंधरवड्याच्या आत मागच्या बाकावरचं बोलणं कळायला लागलं. पण डोस २० वर आला आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं. तोंड सुजलंय, वजन वाढलंय, रात्री झोप नाही. जाऊबाई म्हणतात, स्टेरॉइड सोड, गुळवेलीचा काढा घे, प्रतिकारशक्ती वाढली की कान आपोआप सुधारेल. मला काही वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे आणि हल्ली सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडलेली असतात. असा आजार खरंच असतो का? स्टेरॉइड सोडू का? मी ठार बहिरी होणार का? नोकरीचं काय? आणि माझ्या मुलीला हे होईल का?
– एक शिक्षिका, बार्शी तालुका

ताई, नमस्कार.

बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी स्टेरॉइडचं. ते स्वतःहून बंद करायचं नाही, एका दिवसासाठीही नाही. आपलं शरीर रोज स्वतःचं स्टेरॉइड बनवत असतं; मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन लहान ग्रंथी ते काम करतात. बाहेरून तीन-चार आठवडे मोठा डोस मिळाला की त्या ग्रंथी स्वस्थ बसतात. अशा वेळी गोळी एकदम तोडली तर उलट्या होतात, अंगातलं त्राण जातं, रक्तदाब कोसळतो. त्यात ताप किंवा जुलाबाचं निमित्त झालं तर जिवावर बेततं. म्हणूनच डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात.

हे झालं शरीराचं. कानाचं कारण वेगळं आहे आणि ते तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय: ६० वर ऐकू आलं, २० वर गेलं. म्हणजे आजार अजून शमलेला नाही, औषधाने फक्त दबला होता. तेव्हा पुढच्या तारखेची वाट बघू नका. सोलापूरच्या डॉक्टरांना आजच फोन करून 'डोस कमी केल्यावर पुन्हा ऐकू येईना' एवढं सांगा. ते नवा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढतील आणि बहुधा डोस पुन्हा वर नेतील. त्यात उशीर नको, कारण या आजारात गेलेले आठवडे परत मिळवता येत नाहीत.

असा आजार असतो का? असतो. १९७९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले कानाचे सर्जन ब्रायन मॅकेब यांनी १८ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या सगळ्यांना आठवड्या-महिन्यांत ऐकू येईनासं होत गेलं होतं. आतल्या कानातून येणारा बहिरेपणा, ज्याला सरसकट 'नसेचा बहिरेपणा' म्हणतात, तो एकदा आला की त्यावर औषध नाही, असं तोवर मानलं जायचं. मॅकेब यांनी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, त्यात स्टेरॉइडही होतं, आणि ऐकू येणं सुधारलं. आजार दुर्मीळच म्हणायचा. नसेच्या बहिरेपणाच्या शंभर रुग्णांत असा एकही निघेलच असं नाही. म्हणून गावातल्या डॉक्टरांना तो पहिल्या झटक्यात सुचला नाही याचा मी राग धरणार नाही. मानेच्या पट्ट्याचा मात्र धरते. मानेच्या मणक्यांमुळे दोन्ही कान बहिरे होत नाहीत. चक्कर म्हणजे मान, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की ऐकू येत नाही असं पेशंट स्वतः सांगत असतानाही एक्स-रे मानेचाच निघतो.

आता हे घडतं कसं. आतला कान कवटीच्या सगळ्यात टणक हाडात कोरलेला असतो. त्यातला ऐकण्याचा भाग म्हणजे वाटाण्याएवढा शंख, त्याला अडीच-पावणेतीन वेटोळी. त्यात आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० संवेदक पेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. मेल्या की नव्या येत नाहीत. या पेशी एका खास द्रवात काम करतात. त्या द्रवात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं लागतं. हे प्रमाण राखायचं काम शंखाच्या बाहेरच्या भिंतीवरची, बारीक रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली एक पट्टी करते. शंखाच्या विजेचा पुरवठाच म्हणा ना. आणि या सगळ्याला रक्त पुरवणारी धमनी एकच. ती बंद पडली तर दुसरीकडून रक्त येण्याची सोय नाही.

पूर्वी असं समजत की मेंदूसारखाच आतला कानही रक्तातल्या भानगडींपासून बंदिस्त आहे, प्रतिकारशक्तीचा तिथे शिरकाव नाही. पण आतल्या कानाला जोडलेली एक लहानशी पिशवी आहे, तिच्यात संरक्षक पेशींचा राबता असतो. जंतू आला तर तिथून प्रतिकार सुरू होतो. कधी कधी जंतू नसतानाच होतो. रक्तातल्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं) किंवा संरक्षक पेशींना कानातलंच एखादं प्रथिन परकं वाटतं आणि कुंपणच शेत खायला लागतं. काही जणांत प्रतिपिंडांचे पुंजके त्या पट्टीच्या रक्तवाहिन्यांत अडकतात, काहींत रक्तवाहिन्यांनाच सूज येते. नेमकं तुमच्या कानात यातलं काय झालंय हे कुणालाही बाहेरून सांगता येणार नाही. तिथून तुकडा काढून तपासायची सोय नाही, काढायला गेलं तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल.

पण यातून एक गोष्ट कळते आणि ती तुमच्या बाजूची आहे. पट्टी सुजली, द्रवाचं प्रमाण बिघडलं, तर संवेदक पेशी जिवंत असतात पण काम करू शकत नाहीत. सूज ओसरली की त्या पुन्हा चालू होतात. तुमचं ऐकणं स्टेरॉइडने वर आलं ते असंच आलं असणार. मेलेल्या पेशी गोळीने उठत नाहीत. म्हणजे आत वाचवण्यासारखं अजून बरंच शिल्लक आहे. मात्र तीच सूज पुन्हा पुन्हा येत राहिली तर दर खेपेला थोड्या पेशी कायमच्या जातात. दर खेपेला वर चढणं थोडं कमी होतं. घाई आहे ती यासाठी.

तुमच्या मनात शंका आली असेल की हे नक्की कशावरून? रक्ताची एखादी तपासणी करून 'आहे' किंवा 'नाही' असं ठरवता येत नाही. एका ठरावीक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी मध्यंतरी बरीच गाजली होती. पण ती आजार असूनही नकारार्थी येऊ शकते. ती तुमच्या कागदांत नसेल तर अडलेलं काही नाही. निदान होतं ते तीन गोष्टींवरून. दोन्ही कान काही आठवड्या-महिन्यांत घसरले. दुसरं कारण सापडलं नाही. आणि स्टेरॉइडने फरक पडला. तिन्ही तुमच्याकडे आहेत. तिसरी गोष्ट एकटी पुरावा ठरत नाही, कारण स्टेरॉइड त्या पट्टीच्या क्षारांच्या कामालाही थेट मदत करतं. पण बाकी दोन्हींच्या जोडीला ती बोलकी आहे.

दुसरं कारण शोधण्यासाठीच ती गुप्तरोगाची तपासणी होती. हा परिच्छेद मिस्टरांना वाचायला द्या. सिफिलिस आतल्या कानात शिरला की हुबेहूब असाच आजार दिसतो, आणि पेनिसिलिनने त्यावर इलाज होतो. तो तपासायचा राहून गेला आणि नुसतं स्टेरॉइड चालू ठेवलं, तर ती मोठी चूक ठरेल. म्हणून असा कान दिसला की ही तपासणी प्रत्येकाची होते, आजोबांची होते, कीर्तनकारांचीही होते. कुणाच्या चारित्र्याशी तिचा संबंध नाही. जुन्या काळी डोळा आणि कान एकत्र बिघडले की सिफिलिसच धरायचे. १९४५ साली डेव्हिड कोगन या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण मांडले आणि लेखाच्या नावातच स्पष्ट केलं की हा सिफिलिस नव्हे. तो आजार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. त्यात डोळ्याच्या बुबुळाला सूज येते आणि सोबत कान व तोल जातो. काही जणांत तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीलाही सूज येते.

कोगनचा विषय उगाच काढला नाही. प्रतिकारशक्ती उलटली की ती कानापुरतीच थांबेल असं नाही. तुमच्या पत्रात दोन ओळी आहेत ज्यांवरून तुम्ही झटकन पुढे गेलात: थायरॉइडची गोळी आणि सकाळी आखडणारी बोटं. बायकांमध्ये थायरॉइड मंदावण्याचं मोठं कारण प्रतिकारशक्ती उलटणं हेच असतं. आणि बोटांचं आखडणं अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त टिकत असेल तर आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडची, तपासणी व्हायलाच हवी. आतल्या कानाचा हा आजार झालेल्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोकांना शरीरात दुसरीकडेही असाच एखादा आजार असतो. तेव्हा कानाच्या डॉक्टरांसोबत संधिवाततज्ज्ञही हवेत. सोलापुरात किंवा पुण्यात दाखवा, पण दाखवा. पुढची औषधं तेच जास्त चांगली हाताळतील.

तोपर्यंत आरशात स्वतःकडे नीट बघत जा. डोळे लाल होऊन दुखतात का, उजेड सोसवत नाही का? कानाची पाळी लालबुंद होऊन दुखते का, आणि दुखताना खालचा लोंबता मऊ भाग तेवढा साफ राहतो का? तिथे कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, नसते म्हणून तो वाचतो. ही खूण इतकी ठळक आहे की फोटोवरूनही डॉक्टर ओळखतात. नाकात वारंवार खपल्या, रक्त, लघवी लाल, तोंडात न दुखणारे फोड, उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे, डोळे-तोंड सतत कोरडं. यातलं काही दिसलं तर तारीख घालून फोटो काढून ठेवा. डॉक्टरकडे पोचेपर्यंत लाली उतरलेली असते आणि मग आपणच 'होतं काहीतरी' म्हणून सोडून देतो. डोळा लाल होऊन दुखला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

आता काढा. जाऊबाईंचा जीव तुमच्यासाठी तुटतोय, त्यात खोट नाही. पण तुमच्या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती भलतीकडे चालून गेली आहे. तिला आणखी जोर देऊन काय साधणार? गुळवेलीबद्दल तर वेगळंच सांगायला हवं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती छापली. कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती, आणि यकृताचं चित्र प्रतिकारशक्ती उलटल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद आहे. पण ज्या बाईची प्रतिकारशक्ती आधीच उलटली आहे, जिला आधीपासून थायरॉइड आहे आणि उद्या यकृतावर ताण देणारं औषध सुरू होण्याची शक्यता आहे, तिने हा प्रयोग स्वतःवर करू नये एवढं मी नक्की सांगेन. अश्वगंधा, 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेल्या पुड्या, टीव्हीवरची चूर्णं, सगळं याच यादीत. घरातला आल्याचा चहा प्या खुशाल.

स्टेरॉइडचा त्रास खोटा नाही आणि तो सोसताना तुमची चिडचिड होत असणार. तोंडाची सूज आणि वजन डोस उतरल्यावर कमी होतं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर एकदम घेत असाल तर झोपेचा त्रास थोडा कमी होतो. संध्याकाळी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून वेळ बदला. मीठ कमी करा. पापड, लोणचं, शेंगदाण्याची तिखट चटणी काही महिने ताटाबाहेर (बार्शीच्या माणसाला हे सांगणं अवघड आहे, जाणून आहे). साखर उपाशीपोटीची तपासून 'नॉर्मल' म्हणू नका. सकाळी गोळी घेणाऱ्याची साखर दुपारच्या जेवणानंतर चढते, ती तपासा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे का विचारा. डोळ्याचा दाब एकदा बघून घ्या. जांघेत किंवा खुब्यात दुखायला लागलं तर 'वजन वाढलं म्हणून' असं समजून अंगावर काढू नका, लगेच सांगा. स्टेरॉइडने मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दुखण्यावर मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका. छातीचा एक्स-रे, टीबीची आणि कावीळ बी-ची तपासणी झाली नसेल तर आठवण करून द्या, कारण अंगात दबून बसलेला टीबी या औषधांनी डोकं वर काढतो.

मग कायम स्टेरॉइडच घ्यायचं का? नाही, आणि तसं कुणी करतही नाही. अमेरिकेतल्या काही केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास २००३ मध्ये आला. त्यात स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने सुरुवातीला सुधारलेले रुग्ण निम्म्याहून थोडे जास्त होते. त्या सुधारलेल्या ६७ जणांपैकी काहींना मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं आणि काहींना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. मिळालेलं ऐकणं टिकवण्यात मेथोट्रेक्सेट काही पुढे गेलं नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ते लिहिलं तर 'याने कान नक्की वाचेल ना?' या प्रश्नाला ते छातीठोक हो म्हणणार नाहीत. पण बोटांचा आमवात निघाला तर मेथोट्रेक्सेट त्यासाठी उत्तम औषध आहे, तिथे प्रश्नच नाही. याशिवाय अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारीच औषधं आणि काही इंजेक्शनं वापरतात. स्टेरॉइड कानाच्या पडद्यातून थेट मधल्या कानात सोडायचं इंजेक्शनही असतं. ज्यांची साखर फार चढते त्यांना ते बरं पडतं. यांतलं कुठलं हे ठरवायला तुमची बोटं, यकृत, रक्त सगळं बघावं लागेल. खर्च पहिल्याच भेटीत विचारा, संकोच करू नका. काही इंजेक्शनं परवडणारी नाहीत आणि कानासाठी त्यांचा पुरावाही तुटपुंजा आहे.

ठार बहिरी होणार का, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न. तुमचा ऑडिओग्राम पाहिल्याशिवाय मी अंदाज बांधणार नाही, पण तो कसा वाचायचा ते सांगते, म्हणजे दर वेळी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायला नको. कागदावर आडव्या ओळीत २५० पासून ८,००० पर्यंत आकडे असतात. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या ओळीत डेसिबल, वरून खाली वाढत जाणारे. उजव्या कानाची लाल गोल खूण, डाव्याची निळी फुली. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकू कमी. ५००, १,०००, २,००० च्या खाली कुठे खुणा आहेत ते बघा, माणसाचं बोलणं मुख्यतः तिथे असतं. आणि कागदाच्या कोपऱ्यात शब्द ओळखण्याची टक्केवारी लिहिलेली असते, ती विसरू नका. आवाज येतो पण शब्द कळत नाही ही तुमची फोनची तक्रार त्या आकड्यात दिसते. माझ्या मते या आजारात तोच आकडा जास्त महत्त्वाचा. पूर्वीचे सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलला लावा. घरी रोज सकाळी त्याच फोनवर, तेवढ्याच आवाजात, आधी उजव्या आणि मग डाव्या कानाने आकाशवाणीच्या बातम्या दोन मिनिटं ऐका आणि शब्द कळले की नाही ते कॅलेंडरवर लिहा. दोन दिवसांत ठळक घसरण दिसली तर फोन; एका रात्रीत एखादा कान गेला तर त्याच दिवशी दवाखाना.

काही जणांचा आजार दोन-तीन वर्षांत शमतो आणि ऐकणं कुठल्यातरी पातळीवर स्थिरावतं. काहींचं घसरत जातं. मध्ये कुठे राहिलात तर श्रवणयंत्र. ते घेताना ऑडिओलॉजिस्टना सांगा की माझं ऐकणं वरखाली होतं, आवाज पुष्कळ वाढवता येईल आणि पुन्हा पुन्हा जुळवता येईल असं यंत्र द्या. आणि अगदीच गेलं तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र. मेलेल्या पेशी बाजूला ठेवून ते थेट नसेला संकेत देतं. या आजारात नस शाबूत असते आणि तुम्ही चाळीस वर्षं बोलणं ऐकलेलं आहे, त्यामुळे निकाल सहसा चांगले येतात. खर्च लाखांत आहे, आणि केंद्र सरकारच्या योजनेतून मिळणारं इम्प्लांट मुख्यतः मुलांसाठी आहे, हेही लिहून ठेवते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था. ऐकण्याची सखोल तपासणी, यंत्राची निवड, इम्प्लांटबद्दलचा सल्ला यासाठी तिथे एक खेप घालण्यासारखी आहे.

झोकांड्यांबद्दल पत्रात एकच ओळ आहे, पण मला तिची काळजी जास्त वाटते. तोलाचं यंत्रही त्याच आतल्या कानात, शंखाच्या शेजारी असतं. एका बाजूचं बिघडलं तर जग गरगरतं. दोन्ही बाजूंचं सारखं बिघडलं तर गरगरत नाही, नुसता पाय ठरत नाही, आणि चालताना समोरची पाटी हलल्यासारखी दिसते. मग डोळे आणि तळपाय यांच्या भरवशावर तोल चालतो. उजेडात निभावतं, अंधारात किंवा शेतातल्या उंचसखल बांधावर नाही. रात्री मोरीपर्यंतच्या वाटेवर दिवा लावून ठेवा. स्कूटी अंधारात चालवू नका. आणि विहिरीत, नदीत, तलावात पोहायला उतरू नका, तुम्ही कितीही पट्टीच्या पोहणाऱ्या असलात तरी. पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठलं आणि खाली कुठलं हे सांगणारं यंत्रच गेलेलं असतं. चक्करच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस घ्या. झोप आणणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू नव्याने तोल शिकत नाही. त्याऐवजी तोलाचे व्यायाम असतात. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर ठेवायची आणि मान हळूहळू उजवी-डावी फिरवायची. ते अक्षर स्पष्ट दिसेल इतक्याच वेगाने. कोपऱ्यात, पाठीमागे भिंत ठेवून. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

पुढे कधीही, कुठल्याही आजारासाठी इंजेक्शन देताना डॉक्टरांना सांगा की आतल्या कानाचा आजार आहे. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधं आतला कान मारतात. आणि गणपतीत, लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीजवळ उभं राहू नका. तुमच्याकडे आता उधळायला जास्तीच्या पेशी नाहीत.

नोकरीचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या विसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की सेवेत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. गरज पडली तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. ऑडिओग्रामवर बोलणं जिथे असतं त्या आकड्यांवर दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कमी ऐकू येणारी व्यक्ती ठरता, ७० पासून पुढे कर्णबधिर. प्रमाणपत्राची घाई आज नको, आजार हलता आहे. डॉक्टर स्थिर म्हणतील तेव्हा अर्ज करा. मुख्याध्यापकांना मात्र आत्ताच सांगा. लपवलं तर लोक 'मॅडम हल्ली लक्ष देत नाहीत' असं म्हणतात, आणि ते जास्त लागतं. वर्गात बाकं अर्धगोलात लावा, म्हणजे प्रत्येक पोराचं तोंड दिसेल. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिलात तर उजेड त्यांच्या तोंडावर पडतो आणि ओठ वाचता येतात. बोलणाऱ्याने आधी हात वर करायचा, हा नियम तिसरीची मुलं दोन दिवसांत शिकतात. शिक्षकांच्या मीटिंगमध्ये बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं ॲप फोनवर उघडून ठेवा.

मुलीबद्दल. हा आजार आईकडून मुलीकडे सरळ उतरत नाही. प्रतिकारशक्ती उलटण्याकडे घराण्याचा थोडा कल असू शकतो, तुमच्या घरात थायरॉइड आहेच, तेवढाच. तिला ऐकू नीट येतंय, शाळेत तक्रार नाही, तर तिच्या कानाची किंवा रक्ताची कुठलीही तपासणी आत्ता करू नका. तिला फक्त आईला हाक मारण्याआधी समोर यायला शिकवा.

संधिवाततज्ज्ञांची वेळ मिळाली आणि नवा ऑडिओग्राम झाला की जुना आणि नवा दोन्ही कागद जोडून पुन्हा लिहा. नाव-गाव खोडून पाठवलंत तरी चालेल, तारखा तेवढ्या राहू द्या.